विद्यार्थ्यांतील ताण आणि कार्यस्मृती

हातातील काम पुरे होईपर्यंत आवश्यक तेवढी माहिती मनात धरून ठेवणे आणि त्याच वेळी तिच्यावर प्रक्रिया करणे या क्षमतेला कार्यस्मृती किंवा वर्किंग मेमरी असे म्हणतात. तीव्र मानसिक ताणाखाली ही क्षमता तात्पुरती घटते. त्याच वेळी भय, अपमान, धोका अशा भावनिक आशयाच्या माहितीकडे मन अधिक ओढले जाते व ती माहिती अधिक खोल ठसते. अभ्यास करूनही परीक्षेत किंवा फळ्यापुढे विद्यार्थी गोंधळतो, त्यामागील कारणांपैकी हे एक प्रमुख कारण मानले जाते. अशा विद्यार्थ्याला शाळेत ‘अभ्यास केला नाही’ किंवा ‘मठ्ठ आहे’ असा शेरा सहज मिळतो. त्यामुळे या विषयाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते राहत नाही. बोधनिक मानसशास्त्र, मज्जाविज्ञान आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही शाखांत त्याचा अभ्यास होतो. प्रस्तुत लेखात सर्वसाधारण माहितीबरोबरच गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) परिसरातील विद्यार्थ्यांच्या परिस्थितीचाही विचार केला आहे.

संज्ञा

‘ताण’ हा मराठी शब्द दोरीच्या ताणावरून मनाच्या ताणाकडे आला. इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ या शब्दाचाही प्रवास पदार्थविज्ञानाकडून शरीरविज्ञानाकडे असाच झाला. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली निरनिराळ्या अपायकारक गोष्टींना शरीर एकसारखाच प्रतिसाद देते हे निरीक्षण मांडले व पुढे त्या प्रतिसादाला स्ट्रेस हे नाव रूढ केले. व्यवहारात ताण हा शब्द ‘काळजी’ या अर्थाने वापरला जातो. शास्त्रीय लेखनात मात्र बाहेरील मागणी, तिचा मनाने लावलेला अर्थ आणि शरीराचा प्रतिसाद या तिन्ही गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. एकच प्रश्नपत्रिका एका विद्यार्थ्याला आव्हान वाटते, दुसऱ्याला संकट. फरक पडतो तो मधल्या पायरीवर, म्हणजे लावलेल्या अर्थावर.

कार्यस्मृती ही संज्ञा जॉर्ज मिलर, यूजीन गॅलन्टर आणि कार्ल प्रिब्रम यांच्या १९६० मधील ग्रंथात प्रथम आढळते. अल्पकालीन स्मृती आणि कार्यस्मृती या एकच नव्हेत. दूरध्वनी क्रमांक ऐकून तसाच परत म्हणणे हे अल्पकालीन स्मृतीचे काम आहे; तोच क्रमांक उलट्या क्रमाने म्हणायला सांगितला, तर कार्यस्मृती लागते.

कार्यस्मृतीचे स्वरूप

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडलेले प्रतिमान आजही सर्वाधिक वापरले जाते. त्यानुसार ऐकलेले शब्द मनातल्या मनात घोकत ठेवणारा एक घटक, आकृती व जागा यांचे चित्र धरून ठेवणारा दुसरा घटक आणि या दोहोंवर लक्ष ठेवून काम वाटून देणारा केंद्रीय नियंत्रक अशी रचना आहे. २००० साली बॅडली यांनी त्यात चौथा घटक जोडला. निरनिराळ्या मार्गांनी आलेली माहिती व दीर्घकालीन स्मृतीतील माहिती तो एकत्र बांधतो.

या स्मृतीची धारणक्षमता फार थोडी आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सात, अधिक-उणे दोन, हा प्रसिद्ध आकडा दिला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास असल्याचे दाखवले. सत्तावीस चोक किती, हे तोंडी काढताना वीस चोक ऐंशी हे बाजूला धरून ठेवावे लागते, सात चोक अठ्ठावीस काढावे लागतात आणि मग दोहोंची बेरीज एकशे आठ करावी लागते. या तीन पायऱ्या चालू असताना वर्गात कोणी हसले, तर बहुधा ऐंशीच निसटतात. ज्याचा सत्तावीसचा पाढा पाठ आहे, त्याला हे उत्तर दीर्घकालीन स्मृतीतून थेट मिळते आणि कार्यस्मृतीची जागा मोकळी राहते. पूर्वीच्या मराठी शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी अशी अपूर्णांकांची कोष्टकेही म्हणवून घेत. घोकंपट्टी म्हणून त्यांची चेष्टा पुष्कळ झाली. तरी तोंडी हिशेबातील मनाचा भार ती हलका करत, हे मान्य करावे लागते.

मराठी संख्यानामांचा एक प्रश्न याच विषयाशी जोडलेला आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात येतात आणि मागून वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मागून सात. लहान मुलाला ऐकलेला क्रम मनात धरून उलटवावा लागतो. ‘त्र्याण्णव’सारख्या नावात जोडाक्षराची अडचण आणखी वेगळी. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय देण्यात आला. मुलांच्या मनातील गणिताची भीती कमी व्हावी, ही गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका होती. वर्तमानपत्रांत, समाजमाध्यमांवर आणि विधिमंडळातही यावर मोठा वाद झाला. त्या वादात भाषेच्या डौलाचा मुद्दा बराच चर्चिला गेला, सात वर्षांच्या मुलाच्या कार्यस्मृतीचा मात्र फारसा नाही.

ताणाची शारीरिक प्रक्रिया

धोक्याची जाणीव होताच शरीरात दोन यंत्रणा कार्यान्वित होतात. पहिली काही सेकंदांतच सुरू होते: ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये स्रवतात, नाडी वाढते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. वॉल्टर कॅनन यांनी या प्रतिसादाचे वर्णन ‘लढा किंवा पळा’ असे केले होते. दुसरी यंत्रणा संथ असते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पोष ग्रंथीला संदेश देतो, पोष ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. ताण सुरू झाल्यापासून साधारणपणे २० ते ३० मिनिटांनी कॉर्टिसॉलची पातळी सर्वाधिक होते. लाळेच्या नमुन्यातूनही ती मोजता येते, त्यामुळे विद्यार्थ्यांवरील संशोधन पुष्कळ सोपे झाले आहे.

कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा मेंदूचा भाग कार्यस्मृतीचा मुख्य आधार आहे. एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनानुसार या भागाला डोपामीन व नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये माफक प्रमाणात आवश्यक असतात. फार कमी झाली तर मन सुस्तावते, फार जास्त झाली तर तेथील पेशींचे परस्परसंबंध तात्पुरते दुबळे होतात. अशा वेळी भीतीशी संबंधित असलेला अमिग्डाला आणि सवयीने चालणारी केंद्रे यांचा वरचष्मा होतो. रानात वाघ समोर आला असता विचार करत बसण्यापेक्षा झटकन हालचाल करणे हिताचे, म्हणून ही व्यवस्था निसर्गतः उपयुक्तच आहे. बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकेपुढे मात्र ती नेमकी गैरसोयीची ठरते.

थोडा ताण हवाच, असे सांगताना रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ मधील नियमाचा हवाला नेहमी दिला जातो. मूळ प्रयोग उंदरांवरचा होता आणि त्यात विजेचे झटके दिले होते. त्यातील महत्त्वाचा भाग बहुधा सांगायचा राहून जातो: काम जितके अवघड, तितका तीव्र उत्तेजनाचा अपाय लवकर सुरू होतो. सोप्या, सरावाच्या कामात दरडावणीने वेग येईलही. अनेक पायऱ्यांच्या शाब्दिक उदाहरणात तीच दरडावणी घात करते.

प्रयोगांतील निष्कर्ष

ताण प्रयोगशाळेत निर्माण करण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत ‘ट्रिअर सामाजिक ताण चाचणी’ ही आहे. क्लेमेन्स किर्शबाउम, कार्ल-मार्टिन पिर्के आणि डर्क हेलहामर यांनी ती १९९३ मध्ये जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात तयार केली. सहभागी व्यक्तीला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे भाषण करावे लागते आणि नंतर पाच मिनिटे १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जावे लागते. चूक झाली की पुन्हा १०२२ पासून आरंभ. सर्वांसमोर फळ्यापाशी उभे करून गणित सोडवायला लावणे आणि चुकल्यावर ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हणणे या शाळेतल्या जुन्या प्रथेशी या चाचणीचे साम्य विलक्षण आहे. शास्त्रज्ञांनी जी परिस्थिती मुद्दाम ताण उत्पन्न करण्यासाठी रचली, ती अनेक वर्गांत शिकवण्याची पद्धत म्हणून चालत आली आहे.

कार्यस्मृती मोजण्यासाठी आकडे उलट्या क्रमाने म्हणणे, वाक्ये वाचता वाचता प्रत्येकातील शेवटचा शब्द लक्षात ठेवणे, तसेच समोर एकामागून एक येणाऱ्या अक्षरांपैकी दोन किंवा तीन स्थानांपूर्वीचे अक्षर ओळखणे अशा कसोट्या वापरतात. निकोल ओई व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की सामाजिक ताणानंतर कार्यस्मृती घटते ती मुख्यतः भार जास्त असताना. भार कमी असेल तर फरक जाणवत नाही. डॅनिएला शूफ्स, डायना प्रॉइस व ऑलिव्हर वुल्फ यांचा २००८ मधील अभ्यासही ताणाखालील घटच दाखवतो. २००९ मध्ये शाओझेंग चिन व सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन, तीव्र ताणाखाली प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या वरच्या-बाहेरील भागातील कार्यस्मृतीशी निगडित क्रिया मंदावते, असे नोंदवले. सोनिया ल्युपियन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कॉर्टिसॉलसदृश औषध निरनिराळ्या मात्रांत देऊन पाहिले, तेव्हा सर्वाधिक मात्रेला कार्यस्मृती बाधित झाली, पण पाठ केलेल्या गोष्टींची स्मृती तितकी झाली नाही.

सर्व प्रयोग एकाच दिशेचे नाहीत. काहींत ताणाखाली उत्तरे देण्याचा वेग वाढल्याचे दिसले, काहींत स्त्री-पुरुषांचे निकाल भिन्न आले. २०१६ मध्ये ग्रँट शील्ड्स, मॅथ्यू साझ्मा आणि अँड्र्यू योनेलिनास यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. तीव्र ताणामुळे कार्यस्मृती व विचारांची लवचीकता घटते, हा त्यांचा निष्कर्ष सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत दिलासादायक अभ्यास कॉनर लिस्टन, ब्रूस मॅकइवेन आणि बी. जे. केसी यांचा आहे (२००९). महत्त्वाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवण्याची क्षमता घटलेली आढळली आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे इतर भागांशी असलेले संधानही क्षीण झालेले दिसले. परीक्षा होऊन ताण ओसरल्यावर, महिनाभराने तपासले असता दोन्ही गोष्टी पूर्ववत झाल्या होत्या. अर्थात हे तरुण, निरोगी व सुस्थित विद्यार्थी होते.

भावनिक माहितीवर होणारा परिणाम

ताणाखाली सर्वच स्मृती दुबळी होते, असे समजणे चूक आहे. भावनांनी भारलेले प्रसंग उलट अधिक पक्के ठसतात. जेम्स मॅकगॉ यांच्या दीर्घ संशोधनातून दिसते की भावनिक उत्तेजनाच्या वेळी अमिग्डाला हिप्पोकॅम्पसला साहाय्य करून त्या प्रसंगाची नोंद बळकट करतो. म्हणूनच वर्गात झालेला अपमान चाळीस वर्षांनंतरही तपशिलासह आठवतो आणि त्या तासाला शिकवलेला धडा मुळीच आठवत नाही.

मॅथियास लुएथी, बीट मायर आणि कार्मेन सॅन्डी यांच्या २००९ मधील अभ्यासात हा भेद एकाच गटात आढळला. तरुण पुरुषांना सामाजिक ताण दिल्यावर त्यांची कार्यस्मृती घटली. नकारात्मक गोष्टींशी जोडलेले अभिसंधान मात्र अधिक दृढ झाले. ओई व सहकाऱ्यांच्या २०१२ मधील प्रयोगात स्मृतीच्या कसोटीच्या मध्येच भावनिक चित्रे दाखवली होती. ताण दिलेल्या गटात मेंदूच्या भावनेशी निगडित भागांची क्रिया अधिक दिसली, म्हणजे मन कामावरून चित्राकडे अधिक ओढले गेले.

ठसणे आणि आठवणे यांतही फरक आहे. डॉमिनिक द केर्वेन व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की आदल्या दिवशी शिकलेले शब्द आठवण्यापूर्वी कॉर्टिसोन दिल्यास आठवणे कठीण होते. साब्रिना कुलमान, मार्सेल पील आणि वुल्फ यांच्या २००५ मधील प्रयोगात ताणाखाली भावनिक आशयाचे शब्द आठवण्यावर विशेष परिणाम झाला. शिकतानाच्या भावनेने शब्द पक्का होतो, पण आठवतानाचा ताण नेमकी त्याच शब्दाची वाट अडवतो, असा हा काहीसा विपरीत प्रकार आहे.

परीक्षा आणि ‘काहीच न सुचणे’

परीक्षेची भीती हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. लीबर्ट व मॉरिस यांनी १९६७ मध्ये तिचे दोन भाग केले: छातीची धडधड, घाम इत्यादी शारीरिक भावनिकता आणि ‘आपल्याला जमणार नाही, घरी काय सांगू’ ही चिंता. गुणांवर अधिक परिणाम करते ती चिंता. तिचे कारण कार्यस्मृतीच्या सिद्धान्तात सापडते: चिंता म्हणजे मनातल्या मनात बोललेली वाक्येच असतात आणि उदाहरण सोडवण्यासाठी जी तोकडी जागा हवी, तीच ती व्यापतात. मायकेल आयझेंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी १९९२ आणि २००७ मध्ये विकसित केली. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये गणिताच्या भीतीबाबत हेच दाखवले. हातचा घेण्याची वेळ येणाऱ्या उदाहरणांत भित्र्या विद्यार्थ्यांची पंचाईत अधिक होत होती.

सायन बाइलॉक आणि टॉमस कार यांचा २००५ मधील निष्कर्ष अनपेक्षित आहे. दडपणाखाली अवघड गणितात अधिक घसरले ते मुळात कार्यस्मृती उत्तम असलेले विद्यार्थी. एरवी ते त्या क्षमतेच्या बळावर लांबच्या, पण अचूक रीती वापरतात. दडपण आले की तो आधारच निखळतो. ‘एरवी हुशार, पण परीक्षेत कच खातो’ असा शेरा मिळालेल्या मुलाबद्दल हा निष्कर्ष पुष्कळ सांगून जातो.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी दिली जात असे. २०२३ मध्ये ही सवलत गैरप्रकार टाळण्यासाठी बंद करण्यात आली व त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून देण्यात आली. एकूण वेळ कायम राहिला. तरी लिहिण्याची घाई नसताना प्रश्नपत्रिकेवरून नजर फिरवण्याची आरंभीची दहा मिनिटे आणि घंटेआधीची दहा मिनिटे यांचे मोल भेदरलेल्या विद्यार्थ्याला सारखे नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात सुमारे ३ लाख ८० हजार शालेय विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हे आपल्या चिंतेचे कारण असल्याचे सांगितले.

दीर्घकालीन ताण

परीक्षेचा ताण येतो आणि जातो. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या ताणाची गोष्ट निराळी. मॅकइवेन व एलिऑट स्टेलर यांनी १९९३ मध्ये शरीरावर साचत जाणाऱ्या या झिजेची संकल्पना मांडली. गॅरी एव्हान्स आणि मिशेल शॅमबर्ग यांनी २००९ मध्ये ग्रामीण न्यूयॉर्कमधील मुलांच्या दीर्घ पाहणीतून दाखवले की बालपणातील जितकी वर्षे दारिद्र्यात गेली, तितकी सतराव्या वर्षाच्या सुमारास कार्यस्मृती कमी आढळली आणि हा संबंध बऱ्याच अंशी साचलेल्या ताणातून स्पष्ट होत होता. भारतातील एक अभ्यास या संदर्भात नेहमी उल्लेखिला जातो. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांची कापणीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि कापणीनंतर अशी दोनदा चाचणी घेतली. पैसा हाती आल्यावर त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक कामगिरी सुधारली होती (२०१३). या अभ्यासाच्या विश्लेषणावर काही आक्षेपही घेण्यात आले.

वडसा (देसाईगंज) परिसराच्या संदर्भात

वडसा हे वैनगंगेच्या काठावरील तालुक्याचे ठिकाण. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरील येथील स्थानक दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वेस्थानक होते. धानाची बाजारपेठ, शाळा व महाविद्यालये यांमुळे आरमोरी, कुरखेडा, कोरची या बाजूंचे विद्यार्थीही येथे येतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या वनप्रधान जिल्ह्यात विद्यार्थ्यांवरील ताणाची कारणे शहरातल्यापेक्षा पुष्कळ अंशी भिन्न आहेत. गुणांची स्पर्धा येथे आहेच. तिच्याखाली आणखी थर आहेत.

त्यांतला पहिला थर भाषेचा. या भागाची बोली झाडीबोली. तिच्यात ‘ण’ व ‘ळ’ नाहीत. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. कोरची-कुरखेडा भागातील काही मुलांच्या घरी गोंडी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. ज्याला शाळेची भाषा मनात फिरवून घ्यावी लागते, त्याच्या कार्यस्मृतीचा काही भाग प्रश्न कळण्यापूर्वीच खर्ची पडतो. त्यात उच्चारावरून हसू झाले, तर ताणाची भर पडते. उत्तर येत असूनही असा विद्यार्थी गप्प राहतो आणि गप्प राहणे हेच अज्ञान समजले जाते. बोली ही अडचण नव्हे. दोन भाषांत वावरणे हे सामर्थ्यही असते, मात्र ते हिणवले जाऊ नये एवढी अट असते.

दुसरा थर रानाचा. ‘सीटी-१’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघाने गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांत तेरा जणांचा बळी घेतला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात त्याला जेरबंद करण्यात आले. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळपही या भागात वावरला आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी घरची माणसे पहाटे जंगलात जातात, आणि दहावीची परीक्षा त्याच सुमारास असते. आई रानात गेलेली असताना परीक्षेला बसलेल्या मुलाच्या मनातील वाक्ये गुणांविषयीच असतील असे नाही. पॅट्रिक शार्की यांनी २०१० मध्ये शिकागोतील मुलांविषयी दाखवले होते की वस्तीत खून झाल्यानंतरच्या आठवड्यात तपासलेल्या मुलांचे भाषाविषयक गुण घटलेले असतात, मग ती घटना त्यांनी प्रत्यक्ष पाहिली असो वा नसो. शिकागो आणि झाडीपट्टी यांची तुलना ओढूनताणून करू नये. परंतु जवळपासच्या धोक्याची वार्ता मुलाच्या कार्यस्मृतीपर्यंत पोहोचते, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराच्या वेळी शाळा टाळेबंदीमुळे आधीच बंद होत्या. त्या वर्षी पुराची भीती आणि शिकण्यातला खंड या दोन्ही गोष्टी मुलांवर एकदम आल्या.

प्रवास हाही लहान भार नव्हे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्यांमुळे जिल्ह्यातील अनेक मुलींचे शिक्षण टिकले. तथापि बस चुकली की दिवस गेला, ही टांगती तलवार शेवटच्या तासिकेत मनाचा काही भाग अडवून ठेवतेच.

वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. दिवाळीनंतर मंडई व शंकरपटांच्या निमित्ताने सुरू होणारा नाटकांचा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो, आणि प्रयोग रात्रभर रंगतात. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी कार्यस्मृती मंदावते, हे अनेक प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. पूर्वपरीक्षेच्या दिवसांत पालक नाटकाला आडकाठी करतात, तेव्हा त्यांची बाजू अगदीच चुकीची नसते. पण याच रंगभूमीवर एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. थोड्या तालमीत उभ्या राहणाऱ्या या नाटकांत प्रॉम्प्टरला मोठे महत्त्व असते. हजारो प्रेक्षकांसमोर शब्द अडला, तर तो हळूच पुरवणारा माणूस आहे, या भरवशावर नट मोकळेपणाने अभिनय करतो. तोंडी परीक्षेत अडलेल्या विद्यार्थ्याला पहिला शब्द देणारा शिक्षक हेच करत असतो, आणि त्यानंतर मुलगा पुढचे सारे घडाघड सांगतो, तेव्हा त्याला ते येत होते हे उघड होते.

अध्यापनातील उपयोग व मर्यादा

प्रयोगांचे निष्कर्ष वर्गात नेताना सावधगिरी हवी. जेरार्डो रामिरेझ आणि बाइलॉक यांनी २०११ मध्ये, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली काळजी कागदावर उतरवल्यास गुण सुधारतात, असे जाहीर केले. हा उपाय स्वस्त व आकर्षक असल्याने जगभर पसरला. २०१८ मध्ये कॉलिन कॅमेरर व इतरांनी एकवीस गाजलेल्या अभ्यासांची पुनरावृत्ती केली, तेव्हा ज्यांचा निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही त्यांत हाही होता. अपाय नसल्याने कोणी तो करून पाहावा. त्याची हमी मात्र देऊ नये.

अधिक भरवशाचा मार्ग उजळणीच्या पद्धतीचा आहे. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी ते मिटून आठवून पाहिल्यास स्मृती पक्की होते. एमी स्मिथ, व्हिक्टोरिया फ्लोर्के आणि अयाना थॉमस यांच्या २०१६ मधील प्रयोगात अशा रीतीने शिकलेल्यांची स्मृती तीव्र ताणाखालीही टिकली, केवळ वाचून शिकलेल्यांची घटली. पाढे, सूत्रे, व्याकरणाचे नियम सरावाने अंगवळणी पडलेले असले, तर ताणाच्या वेळी कार्यस्मृतीवर विसंबावे लागत नाही. कच्चे काम समासात लिहून ठेवणे, लांब प्रश्नातील दिलेल्या बाबी प्रथम टिपून घेणे, आकृती काढणे या सर्वांचे मर्म एकच: मनातील ओझे कागदावर ठेवणे. अनेक विद्यार्थी कच्चे काम दिसले तर गुण जातील या गैरसमजाने ते टाळतात. सूचना देतानाही एका दमात पाच गोष्टी सांगण्यापेक्षा त्या फळ्यावर लिहिणे, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी काही क्षण थांबणे, चुकीवर सर्वांदेखत टीका न करणे या साध्या बाबींचा उपयोग होतो.

मर्यादा प्रयोगांच्याही आहेत. पुष्कळसे संशोधन युरोप-अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, लहान गटांवर आणि काही वेळा केवळ पुरुषांवर झालेले आहे. प्रयोगशाळेतील वीस मिनिटांचा ताण आणि तीन आठवडे चालणारी बोर्डाची परीक्षा या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत. शिवाय कार्यस्मृतीचे गुण कमी आले म्हणून कारण ताणच असेल असे नाही. दृष्टिदोष, श्रवणदोष, रक्तक्षय, अध्ययनअक्षमता यांची शक्यता आधी तपासावी लागते. सिकलसेलचे रुग्ण आढळणाऱ्या पूर्व विदर्भात आरोग्यतपासणीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

मदतीची व्यवस्था

केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षाकाळात विभागवार समुपदेशक नेमते. गडचिरोली जिल्हा नागपूर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो. २०१५ पासून दहावीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांची पुरवणी परीक्षा जुलैमध्येच घेतली जाऊ लागली, त्यामुळे वर्ष वाया जाण्याची धास्ती काही प्रमाणात कमी झाली. झोप उडणे, जेवण तुटणे, शाळेत जाण्यास सतत नकार, जगण्याविषयी निराशेचे बोलणे अशी लक्षणे दिसल्यास तो परीक्षेचा नेहमीचा ताण समजून थांबू नये. वरील सेवेशी किंवा शासकीय रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञाशी लगेच संपर्क साधावा.